आठ दिवस नेट बंद करा म्हणणाऱ्या काकांना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: "फीवाढीविरुद्धची आंदोलनं ही मोबाईलची पैदास. आठ दिवस नेट बंद करा, पोरं गुपचूप वर्गात बसतील. फुकट शिकायचं खूळ परदेशातून आलंय." त्यावर मोठ्या काकांनी अंगठा दिला, म्हणून लिहितेय.

मोबाईलची पैदास? काका, १९७३ साली तुम्ही आणंदजवळच्या विद्यानगरच्या होस्टेलवर होतात. त्या डिसेंबरात अहमदाबादच्या एल. डी. इंजिनीअरिंग कॉलेजात मेसचं बिल २० टक्क्यांनी वाढलं आणि पोरं भडकली. महागाईनं घरोघरी जीव मेटाकुटीला आलेलाच होता. जानेवारीत 'नवनिर्माण' या विद्यार्थी आंदोलनाचं लोण बडोद्यासकट गुजरातभर पसरलं. ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. मोबाईल सोडा, तेव्हा साधा फोन तरी किती घरांत होता?

हॅशटॅगनं सरकारं वाकतात असं म्हणतात, तेही अर्धंच खरं. २०१० साली ब्रिटनमध्ये विद्यापीठांचं अनुदान कापून फीची मर्यादा सुमारे ३,२९० पौंडांवरून ९,००० वर नेली. पोरांकडे फेसबुक, ट्विटर सगळं होतं. तरी ९ डिसेंबरला संसदेत ठराव मंजूर झालाच. उलट दक्षिण आफ्रिकेत २०१५ साली 'फीज मस्ट फॉल' (फी उतरलीच पाहिजे) हे आंदोलन गाजलं, पण नुसतं फोनवर नाही. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात १०.५ टक्के फीवाढ जाहीर झाली, तेव्हा पोरांनी फाटकंच अडवली. नऊ-दहा दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी पुढच्या वर्षाची फीवाढ रद्द केली. फोननं एका विद्यापीठाची बातमी दुसऱ्याकडे झटकन नेली, एवढंच. (अफवाही तितक्याच झटकन जातात, हे मान्य.)

नेट बंद केलं तर? परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं आता ऑनलाइन. म्हणजे मुकाट वर्गात बसणाऱ्या पोरालाही फटका.

आणि परदेशी खूळ! सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरुवात करून १९०६ साली अख्ख्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ते प्राथमिक होतं, कॉलेजचं नव्हे, ठाऊक आहे मला. पण शिक्षणाचा खर्च राज्यानं उचलावा ही कल्पना महाराजांच्याच काळातल्या न्यायमंदिरासमोरून रोज जाणाऱ्या बडोदेकरांनी तरी परकी म्हणू नये.

काका, अंगठा राहू दे. ७३ साली तुमचं मेसचं बिल किती यायचं, तेवढं ग्रुपवर टाका.