झालं का लावून?

मागच्या शनिवारी एका वाद्यांच्या दुकानात मी सलग चार मिनिटं डोळे मिटून, जीव ओतून गज ओढला. शेवटचा स्वर सावकाश विरू दिला आणि डोळे उघडले. समोर स्टुलावर बसलेले एक काका माझ्याकडे मोठ्या कळवळ्यानं बघत होते. म्हणाले, “झालं का लावून? वाजवा आता.”

आज गुरुवार. यावर काय बोलायला हवं होतं ते अजून सुचलेलं नाही. दात घासताना जे सुचतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नसतं.

तर झालं असं, की मी एका हौशी ऑर्केस्ट्रात डबल बेस वाजवते, म्हणजे व्हायोलिनसारखं गजानं वाजणारं, पण अवाढव्य आणि खर्जातलं वाद्य. अकरा वर्षं झाली. हे वाद्य उंचीला 180 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे माझ्याहून चांगलं वीतभर जास्त, आणि घरात कोपऱ्यात उभं केलं तरी कोपऱ्यात राहत नाही. सरावाला वेळ मिळतो तो रात्री दहानंतर. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात अगदी गोड आवाजात विचारलं, “तुमच्याकडे रात्री कसली गं मोटर चालते?” त्या दिवशी ठरवलं, इलेक्ट्रिक बेस घ्यायचा. उभा, सुटसुटीत, हेडफोन लावून वाजवता येईल असा. आणि गजानं वाजेल असा.

हे शेवटचं वाक्य दुकानात कोणी ऐकूनच घेत नाही. इलेक्ट्रिक उभा बेस म्हटलं की तो बोटांनी छेडायचा असतो, असं सगळ्या जगानं परस्पर ठरवून टाकलंय. व्हिडिओ बघायला बसा. वीस मिनिटं माणूस मान डोलावत तारा छेडतो, लाकूड दाखवतो, बटणं दाखवतो, आणि शेवटी “हो, गजानंही वाजतो बरं का” म्हणून मोकळ्या तारेवर दोन ओढी मारतो. त्याही तोंड वाकडं करून.

दुकानातला मुलगा वयानं लहान, उत्साहानं मोठा. मी विचारलं, “हा गजानं नीट वाजतो का?”

“वाजतो ना मॅडम. वाजवला की वाजतो.”

“तुमच्याकडे गज आहे?”

“गज नाही ठेवत आम्ही.”

मला अंदाज होताच. माझा गज आणि राळेची डबी मी बरोबर नेली होती. तुलनेसाठी फोन रेकॉर्डिंगला लावून शेजारच्या टेबलावर ठेवला. माझ्या मते मी फार पद्धतशीर बाई आहे.

पहिला बेस म्हणजे तिकाटण्यावर उभी केलेली एक दांडी. बोटांनी छेडली तर गुणी. गज ओढला मात्र, आणि तिनं जेवायला नको म्हणणाऱ्या मुलासारखी मान फिरवली. मोठ्या बेसला पोट असतं, ते आपल्या अंगाला टेकतं, गुडघा मागून आधार देतो, म्हणून गजाचा जोर पेलतो. इथे पोटच काढून टाकलंय. मग मी एका हातानं गज ओढायचा, दुसऱ्या हातानं स्वर दाबायचे, आणि वाद्य धरायला तिसरा हात कुठून आणायचा? दुसरा बेस आणखी सुटसुटीत. त्याची तारेची लांबी बेस गिटारएवढी, साधारण 86 सेंटिमीटर. मोठ्या बेसची 104 ते 106 असते. त्यावर रोज रात्री घोटून तयार केलेली बोटं रविवारी मोठ्या बेसवर नेली तर प्रत्येक स्वर अलीकडेच पडणार. शिवाय तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जवळजवळ सपाट. घोडीला पुरेशी कमान नसली की मधल्या तारेला गज लावताच शेजारच्या तारा न बोलावता मध्ये बोलतात. शेजाऱ्यांना कंटाळून तर मी इथवर आले होते!

सुटसुटीत या शब्दाचा मला आता रागच येतो. काय काय सोडलं म्हणून सुटसुटीत, ते कोणी सांगत नाही. डबल बेसला पडदे नसतात, डाव्या हातानं अंधारात चाचपडायचं असतं. मानेवरून खाली येणारा अंगठा मान धडाला मिळते तिथे अडतो आणि त्या अडण्यावरून कळतं, की आता पहिलं बोट अमुक स्वरावर आलं. त्याच्या खाली वाद्याचा खांदा हाताला लागतो, तीही एक खूण. हे लोक सगळ्यात आधी तो खांदाच कापतात. दिसायला छान दिसतं म्हणे.

तिसरा बेस जरा माणसात होता. लांबी पूर्ण, घोडीला कमान, अंगाला आणि गुडघ्याला टेकायला दोन दांड्या, अंगठा अडेल असा उंचवटाही. मी राळ काढली, गजाला घासली, हेडफोन लावले आणि सुरू झाले.

स्टुलावरचे काका तोपर्यंत माझ्या हिशेबात नव्हते. नातवाच्या गिटारच्या तारा बदलायला टाकून ते वाट बघत बसले होते. आता त्यांच्या बाजूनं बघा. पोट नसलेल्या वाद्याला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. जो काही आहे तो वायरीतून माझ्या कानात. बाहेर येते ती फक्त गजाची खरखर. म्हणजे काकांना दिसत होती एक प्रौढ बाई, जी डोळे मिटून, डोलत डोलत, एका दांडीवर चार मिनिटं खर्र खर्र करते आहे आणि मध्येच तिचा ऊर भरून येतो आहे.

“लावत नव्हते,” मी म्हटलं. “वाजवतच होते.”

“असं?” काका विचारात पडले. “मला वाटलं, कुरकुरतंय म्हणून तुम्ही बघताय. तेलाचा थेंब सोडा.”

“तेल नाही चालत. राळ लावतात.”

“राळ चिकट असते.”

“चिकटच हवी. केस तारेला चिकटतात, तार ओढली जाते, मग सुटते, परत चिकटते. त्यानंच आवाज होतो.” इथे मी थांबायला हवं होतं. पण अकरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. “सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की हे सेकंदाला साधारण 41 वेळा होतं.”

काकांनी हा आकडा मनात घोळवला. “म्हणजे सेकंदाला एकेचाळीस वेळा अडकतंय,” ते हळूच म्हणाले, “आणि तुम्हाला ते चालतं?”

मी हेडफोन काढून त्यांच्याकडे दिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले, मान खाली घातली. मी एक लांब खर्ज लावला. हेडफोन घातलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय हे कळत नाही. काका सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडले, “आहे! आवाज आहे! पण लांबून येतोय! जहाज सुटल्यासारखा!”

की-बोर्ड बघणारं एक कुटुंब आमच्याकडे वळून उभं राहिलं.

“याला चाल नसते का?”

“असते. आता वाजवली ती चालच होती.”

“काय?”

“चाल होती!”

“गाणं दुसरे वाजवतात ना? मग तुम्ही काय करता?”

“आम्ही खाली असतो,” मी म्हटलं. काकांनी खाली फरशीकडे पाहिलं.

मग त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर गेली. बेसचा गज धरायच्या दोन तऱ्हा आहेत. फ्रेंच तऱ्हेत हात वरून येतो, व्हायोलिनसारखा. जर्मन तऱ्हेत तळहात बाजूनं, खालून धरतो. मी जर्मन तऱ्हेनं धरते. या दोन तऱ्हांवरून बेसवाले एकमेकांशी तासन्‌तास वाद घालू शकतात, पण काकांनी तो एका वाक्यात मिटवला. “करवत धरल्यासारखं वाटतंय.” आणि वर, “पण करवत इतकी आडवी नाही धरत. हात दुखेल.” दुखतो, काका. रोज दुखतो.

घरी येताना मनाची समजूत घालायला बोत्तेसिनी आठवला. जोवान्नी बोत्तेसिनी, 1821 चा जन्म. असं सांगतात, की मिलानच्या संगीतविद्यालयात त्याला प्रवेश हवा होता तेव्हा शिष्यवृत्तीच्या दोनच जागा उरल्या होत्या, एक बसून नावाच्या फुंकायच्या वाद्याची आणि एक डबल बेसची. यानं काही आठवड्यांत डबल बेसची तयारी करून जागा मिळवली आणि पुढे लोक त्याला, व्हायोलिनचा जादूगार पागानिनी याच्या नावावरून, डबल बेसचा पागानिनी म्हणायला लागले. म्हणजे आमच्या जमातीचा मूळपुरुषही उरलेल्या जागेवरच आलेला. त्याच्या बेसला तारा मात्र तीनच. लावायला एक कमी.

चेष्टा पुरे. दुकानातल्या मुलाला मी तिसऱ्या बेसबद्दल खरोखरीचे प्रश्न विचारले होते. घोडीतला पिझो पिकअप, म्हणजे तारेचा कंप पकडून वायरीत पाठवणारा तुकडा, बोटांना धार्जिणा असतो. त्यावर गज ओढला की स्वराच्या डोक्यावर डास गुणगुणतो. गज तारेला आडवी हलवतो आणि बोट वेगळ्या दिशेनं, म्हणून काही बनवणारे त्याचा विचार करतात. नेड स्टाइनबर्गरच्या एनएस डिझाइन या कंपनीच्या काही बेसवर गजासाठी आणि बोटांसाठी बदलायचं बटणच असतं. पिझो ज्यात जोडायचा त्या प्रीॲम्पचा, म्हणजे बारीक आवाज आधी वाढवणाऱ्या डबीचा, इनपुटचा विद्युतरोध 1 मेगाओहमच्या घरात हवा, नाहीतर खर्ज आधी पातळ होतो. हे सगळं मी त्या मुलाला समजावलं आणि विचारलं, “यात कसं आहे?”

तो म्हणाला, “ब्लूटूथ आहे, मॅडम.”

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. गज आता ओढायचा, स्वर मागाहून. टपालानं सराव करण्यासारखं.

आणि तारा! नव्या बेसवर चढवलेल्या तारा बऱ्याचदा बोटांनी छेडायच्या जातीच्या असतात, छेडल्यावर स्वर लांबवणाऱ्या. गजाखाली त्या शिट्ट्या मारतात. म्हणजे वाद्य घ्यायचं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या तारा उतरवून गजाच्या तारा चढवायच्या. बेसच्या चार तारांचा संच काय भावानं येतो ते बेसवाल्याच्या घरच्यांपासून लपवलेलंच बरं. गुडघ्याचा टेकू बऱ्याच ठिकाणी वेगळा घ्यायचा. माझ्यासारखे गजवाले थोडे आहेत हे मान्य आहे. पण ज्या वाद्यानं चारशेहून जास्त वर्षं गजावर काढली, त्याची नवी आवृत्ती काढताना गजाची आठवण कोणालाच होऊ नये? गॅस आणि पाणी विसरून घर बांधायचं आणि वर सांगायचं, “सगळे असंच नेतात.”

खालच्या काकूंचा प्रश्नही मिटलेला नाही. बाहेर फक्त खरखर येते हे खरं, पण वाद्याच्या तळाची उभी सळई फरशीवर टेकते आणि गजाचा कंप थेट फरशीत उतरतो. 1940 च्या दशकात एव्हरेट हल यांनी बेसच्या पोटात, याच सळईवर, म्हणजे इंग्रजीतल्या पेगवर, मायक्रोफोन बसवला होता. त्या पेगच्या नावावरून त्यांच्या कंपनीचं नाव पडलं अँपेग, म्हणजे अँप्लिफाइड पेग. हल यांच्या सळईत मायक्रोफोन होता, माझ्या सळईखाली काकू आहेत. जाड रबर आणि वर गालिच्याचा तुकडा, असं काहीतरी करावं लागणार.

तर निर्णय घ्यायला म्हणून काल रात्री तिन्ही बेसचं रेकॉर्डिंग ऐकायला बसले. वही, पेन, सगळं घेऊन. आणि तेव्हा उजेड पडला. हेडफोन माझ्या कानांवर होते, फोन टेबलावर. म्हणजे फोननं तेच ऐकलं होतं जे काकांनी ऐकलं. पहिला बेस, खर्र खर्र. दुसरा बेस, खर्र खर्र, जरा घाईत. तिसरा बेस, चार मिनिटं खर्र खर्र, मध्ये माझा एक खोल श्वास.

आमचे हे बाजूला बसून पेपर वाचत होते. म्हणाले, “दुकानात सुतार आले होते का?”

मी काही बोलले नाही. रेकॉर्डिंगमध्ये काकांचा आवाज मात्र काय स्वच्छ आलाय. एकेक शब्द. मधे मी गज पुसायला कपडा आणायला पिशवीकडे गेले होते तेव्हाचंही सगळं आलंय. काका त्या मुलाला विचारतात, “नवीन शिकतायत का?”

आणि तो मुलगा, ज्याला मी थोड्याच वेळापूर्वी अकरा वर्षं सांगितली होती, तो म्हणतो, “हो.”

“मग ठीक आहे,” काका म्हणतात. “चिकाटी आहे हो.”