बोक चॉयला मिठाची आंघोळ कशाला?

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर आमच्या मावससासूबाईंनी एक फॉरवर्ड टाकला. आम्ही सिंगापूरला असतो आणि इथे बोक चॉय म्हणजे तिकडच्या मेथी-पालकासारखी रोजची भाजी. तेव्हा रोख कुणाकडे होता ते कळलंच. मजकूर थोडक्यात असा: ही चिनी भाजी आपल्या प्रकृतीला मानवत नाही. घ्यायचीच तर आणल्याबरोबर अर्धा तास मिठाच्या पाण्यात बुडवा, फवारलेली औषधं सगळी निघून जातात. मग फ्रिजमध्ये ठेवा, १५ दिवस टिकते. पांढरे देठ फेकून द्या. थायरॉईडवाल्यांनी हातही लावू नये. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी गरम केली की विष.

मानवत नाही, याचं उत्तर सोपं आहे. बोक चॉय आणि सलगम वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीचे, ब्रासिका रापा. कोबी त्यांचा चुलत भाऊ. सलगम चालतो, कोबीची भाजी तर डब्यात रोज, मग हिचंच वावडं का?

आता मिठाचं पाणी. फ्लॉवरमधल्या अळ्या काढायला आपण ते वापरतोच, आणि अळ्यांपुरतं ते ठीक आहे. पण औषधं ‘सगळी’ कशानेच निघत नाहीत. २०१७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर प्रयोग केला होता. खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटांत वरवरची दोन औषधं धुतली गेली. सालीच्या आत मुरलेला अंश मात्र तसाच राहिला. पानाच्या आत मुरलेलं मिठाने बाहेर येईल, असं मानायला काही आधार नाही. उलट अर्ध्या तासात मीठ पानातलं पाणी ओढून घेतं आणि तरतरीत पान मलूल होऊन बसतं.

आणि ओली भाजी फ्रिजमध्ये? इथेच खरा घात. एक गड्डी हातात घेऊन बुडाकडून बघा. प्रत्येक देठ चमच्यासारखा खोलगट, एकात एक बसलेला. पाणी त्या खोबणीत जाऊन बसतं, निथळता निथळत नाही. तिसऱ्या दिवशी आतली कोवळी पानं बुळबुळीत, वास सुटलेला. मी स्वतः दोनदा अशा गड्ड्या कचऱ्यात टाकल्या आहेत, म्हणून एवढं ठासून सांगते. न धुता, पिवळं पान काढून, जुन्या सुती पंचात सैलसर गुंडाळायची, पिशवीत घालून पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवायचं आणि भाजीच्या कप्प्यात ठेवायची. शेजारी पिकलेली केळी किंवा सफरचंदं नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात. एवढं केलं की चार-पाच दिवस, फार तर आठवडा. १५ दिवस हवी असेल तर चिरून दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, घट्ट पिळून फ्रीझरला. मग ती सूपलाच बरी, परतायला नाही.

धुणं शिजवायच्या आधी. बुडाचा बोटभर तुकडा कापला की पाती सुटी होतात आणि देठाच्या खोबणीतला काळा गाळ दिसतो. पातेलंभर पाण्यात खळबळून पानं हाताने वर उचलून घ्यायची. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर खाली बसलेली माती पुन्हा भाजीवर. मेथी निवडणाऱ्याला हे शिकवायला नको.

देठ फेकून द्या म्हणणाऱ्याने ही भाजी कधी खाल्लेलीच नसावी. कँटनीज ‘बाक चॉय’चा अर्थच पांढरी भाजी, ते पांढरं म्हणजे देठच. लसणीवर आधी देठ टाका, मिनिटभराने पानं. संपलं.

थायरॉईडच्या मुद्द्यात तथ्याचा एक दाणा आहे. या कुळातल्या कच्च्या भाज्यांमधून अशी द्रव्यं तयार होतात की ती थायरॉईडला आयोडीन घेऊ देत नाहीत. २०१० साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ८८ वर्षांच्या एका बाईंची हकिकत आली होती. मधुमेह आटोक्यात राहील या समजुतीने त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो बोक चॉय कच्चा खात होत्या. थायरॉईडचं काम इतकं मंदावलं की त्या बेशुद्धावस्थेत गेल्या. रोज दीड किलो, तोही कच्चा! शिजवल्यावर ती द्रव्यं तयार करणारं एन्झाइम बहुतांशी निकामी होतं. वाटीभर परतलेल्या भाजीला ती गोष्ट लावायची नाही. सावध राहायचं ते रक्त पातळ करायची वॉरफरिन ही गोळी घेणाऱ्यांनी, कारण हिच्यात के जीवनसत्त्व भरपूर. भाजी बंद करायची नसते, पण प्रमाण एकदम वाढवण्या-घटवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही.

राहिलं विष. पालेभाज्यांत नायट्रेट असतं आणि ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भाजीत जंतू त्याचं नायट्राइट करतात, हे खरं. पण ते ओट्यावर. दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर जंतूंची वाढ फार मंदावते. आमच्याकडे कालची उरलेली आज सकाळी थालिपिठात गेली. मावससासूबाईंना फोटो पाठवलाय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.