विश्लेषण करा आणि वहीत उतरवून घ्या

माध्यमिकच्या शिक्षकांमध्ये उच्चस्तरीय व्यावसायिक कौशल्यं विकसित करायची म्हणजे काय, तर आधी त्यांना ट्रेनिंगसाठी हॉलमध्ये कोंबायचं. मागच्या रांगा लगेच फुल्ल. वर्गात मागच्या बाकावरच्यांना रोज झापणारे आम्हीच तिथे पेपर तपासत बसलेलो.

मग पडद्यावर ब्लूमचा पिरॅमिड, म्हणजे शिकताना विचार करण्याच्या सोप्याकडून अवघडाकडे चढत जाणाऱ्या पायऱ्यांचा तक्ता, येतो. तो येणारच. १९५६ च्या सहा पायऱ्यांत सगळ्यात वर मूल्यमापन होतं, २००१ च्या सुधारणेत ते एक पायरी खाली आलं आणि नवनिर्मिती डोक्यावर जाऊन बसली, यावर आमचे चित्रकलेचे सर असे खूश झाले की जणू त्यांचंच प्रमोशन झालंय. बरं, या वरच्या पायऱ्या आम्हाला शिकवतात कशा? स्लाइड वाचून दाखवून! "विश्लेषण, झालं लिहून? पुढे." म्हणजे सगळा कारभार तळाच्या पायरीवर, स्मरण, आणि तेसुद्धा आम्ही स्लाइडचा फोटो काढून मोबाईलवर ढकललेलं.

पण खरी मजा पुढेच. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गावर्गात मोजून बघितलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात. तर मार्गदर्शक सरांनी आम्हाला विचारलं, "किती थांबत असतील सांगा बरं?" आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच, "एक सेकंद! फक्त एक सेकंद! निदान तीन सेकंद थांबलात तर मुलं सविस्तर, विचार करून उत्तरं देतात. काही शंका? नाही ना? पुढची स्लाइड." शेजारच्या गणिताच्या बाई पेपरवरून मान वर न करता म्हणाल्या, "अर्धाच झाला."

शेवटी मात्र एक कामाची गोष्ट निघाली, हे मान्य करायला हवं. जॉइस आणि शॉवर्स या अमेरिकन शिक्षण-संशोधकांच्या जोडीचं म्हणणं की नुसत्या ट्रेनिंगमधलं वर्गापर्यंत फारसं पोचतच नाही, नंतर सहकाऱ्याने वर्गात येऊन बघावं, बोलावं, पुन्हा करून बघावं, तेव्हा कुठे ते अंगात मुरतं. (हे सकाळीच सांगितलं असतं तर सगळे घरी गेलो असतो.)

मला आणि गणिताच्या बाईंना हे पटलं. ठरलं, माझ्या ऑफ तासाला मी त्यांच्या वर्गात मागे बसायचं, त्यांनी माझ्या. मी वही घेऊन निघालो तोच सुपरवायझर जिन्यात भेटले.

"ऑफ आहे का सर? छान! नववी ब मोकाट आहे, जरा बसा."

मी तीन सेकंद थांबलो. ते गेले होते.