आमदार व्हायचंय? मग संविधान असं वाचा

परवा संविधान दिनाला आमच्या शाळेत एक लोकप्रतिनिधी येऊन उद्देशिका वाचून गेले. टाळ्या थांबल्यावर मी उठून विचारलं, व्हाळावरचा साकव वाहून गेलाय, पोरं दप्तर डोक्यावर घेऊन पोफळीच्या दोन खोडांवरनं येतात, त्याचं काय? शेजारच्या काकांनी सदरा ओढला, "गप रव, सायब रागावतले." साहेब हसले. त्यांच्या स्वीय सहायकाने मात्र बाजूला घेऊन सांगितलं, "जास्त बोललात तर हक्कभंग आणू."

काय तो आवाका! होतकरू आमदारांनो, शिकून घ्या.

पहिली सूचना. 'हक्कभंग' कायम खिशात बाळगा आणि अर्थ (सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग, एवढाच तो) कुणाला सांगू नका. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल, दिलेल्या मताबद्दल कोर्टात खेचता येत नाही, हे अनुच्छेद १९४ सांगतो. आमदाराला निर्धास्त बोलता यावं म्हणून ते आहे. बाकीचे विशेषाधिकार विधिमंडळाने कायदा करून ठरवावेत आणि तोवर ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सचे ते आपले, असं १९५० साली लिहिलं. पंचाहत्तर वर्षं झाली, कायद्याचा पत्ता नाही. कशाला करतील? यादी छापली की लोक वाचणार! लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदारांना १९९८ साली सुप्रीम कोर्टात याच विशेषाधिकारांचं कवच मिळालं. ते काढायला मार्च २०२४ उजाडलं आणि सात न्यायाधीश बसावे लागले. म्हणजे नोटा मोजून घेतलेल्याला सव्वीस वर्षं संरक्षण, आणि शाळेच्या पडवीत साकव विचारणाऱ्याला हक्कभंग? कुठल्या सभागृहाचं काम अडलं हो माझ्यामुळे? पडवीत काय अधिवेशन भरलं होतं?

असो. उपरोध लिहायला बसलोय, तापून चालणार नाही.

दुसरी सूचना. हजेरीची चिंता नको. परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलात तर सभागृह जागा रिकामी ठरवू शकतं खरं, पण अधिवेशन नसलेले दिवस त्यात धरत नाहीत. मुंबई-नागपूरचं कामकाज किती दिवस चालतं ते बघा आणि निवांत झोपा.

तिसरी. पक्ष बदलायचा तर आधी विधानसभेचा अध्यक्ष कुणाचा ते बघा. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत अपात्रतेचा निकाल अध्यक्षांकडे दिलाय, मुदत मात्र लिहिलेली नाही. आपल्याकडे जून २०२२ मध्ये शिवसेनेत बंड झालं, निकाल आला जानेवारी २०२४ मध्ये. अपात्र कोण? दोन्ही गटांतलं कुणीच नाही.

चौथी. राज्यपाल झालात तर नावांच्या यादीवर बसून राहा. विधान परिषदेवर नेमायच्या बारा नावांची नोव्हेंबर २०२० ची यादी आठवतेय ना?

पाचवी. थेट राष्ट्रपतीच झालात तर उत्तम, महाभियोगाला प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं लागतात आणि आजवर तो कुणावर चाललेला नाही.

सरपंच तेवढं होऊ नका. तिसरं मूल झालं, पद गेलं. घरच्यांनी सरकारी जागेत चार हात पडवी वाढवली, पद गेलं. हे नियम कुणी केले? विधिमंडळाने. स्वतःला लावले? छे!

आता सरळच बोलतो. बॅरिस्टर नाथ पै आमच्याच राजापूर मतदारसंघाचे खासदार. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने गोलकनाथ निकालात सांगितल्यावर १९६७ मध्ये, त्यांतही दुरुस्ती करता यावी म्हणून त्यांनी खाजगी विधेयक आणलं. मला ते पटत नाही, पण माणूस घटना वाचून बोलायचा. तुम्ही फक्त तिच्यासोबत फोटो काढता. संविधानाने तुम्हाला बोलायचं संरक्षण दिलंय, आमचं तोंड बंद करायचा अधिकार नाही. सरपंचाला एक कायदा आणि तुम्हाला दुसरा, हे कुठल्या उद्देशिकेत वाचलंत? अध्यक्षांना मुदत घालायला घटनादुरुस्ती लागेल, मान्य. तिची मागणी तरी केलीत कधी? आणि विशेषाधिकार कायद्याने ठरवायला तर तेवढंही नको, साधं विधेयक पुरतं. येत्या डिसेंबरात नागपूरला मांडा.