‘त्या भागात’ म्हणजे नेमकं कुठे हो?

सकाळी लिफ्टपाशी एक वाक्य ऐकलं आणि दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये.

समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींना लेकीच्या गॅदरिंगसाठी जुनी रेशमी ओढणी रंगवून हवी आहे. मी म्हटलं, चला की रंगारगल्लीत, गुलमंडीवरून आत गेलं की आलीच. तर म्हणाल्या, "त्या भागात? नको बाई, ऑनलाइन नवीच मागवते." तेरा वर्षं झाली यांना संभाजीनगरला, इथल्या सिडको वसाहतीत येऊन. पाहुणे आले की वेरूळ, अजिंठा, मकबरा सगळं हौसेनं दाखवतात. पैठण गेटच्या आत मात्र पाऊल टाकलेलं नाही.

अहो, तो ‘भाग’ नाही, ते शहर आहे! १६१० मध्ये मलिक अंबरानं खडकी वसवली ती तिथे. १६१२ चा भडकल दरवाजा तिथे. १६८२ मध्ये औरंगजेबानं तट बांधला तो त्याच वस्तीभोवती. दिल्लीच्या वाटेवर दिल्ली दरवाजा, पैठणच्या वाटेवर पैठण दरवाजा. खडकी म्हणा, फतेहनगर म्हणा, औरंगाबाद म्हणा, संभाजीनगर म्हणा, बाजार तिथेच भरत आलाय. आपण बाहेरचे. आमच्या सिडको-हडकोतली जुनी माणसं अजून रिक्षावाल्याला "शहरात जायचंय" असंच सांगतात.

मी नऊ वर्षांची होते, ताईचं लग्न ठरलं होतं. आईचा लग्नातला शेला पार विटला होता, तो डाळिंबी करून घ्यायला आम्ही रंगारगल्लीत गेलो. चाचांनी भट्टीवरच्या पातेल्यात दोन पुड्यांतला रंग चिमटीनं टाकला. ना माप, ना काटा. काठीनं ढवळलं, शेल्याचा कोपरा बुडवून पिळला, चोळून बघितला, आणखी एक चिमूट. बोटं मनगटापर्यंत जांभळी. आईला रंग लगेच पसंत पडला, तिनं पैसे काढले. चाचा घेईनात. म्हणाले, "धूप में देखो बाजी, बत्ती में सब रंग अच्छेच लगते." मग शेल्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं त्यांच्या मुलाच्या, आणि भर गल्लीत आम्ही तो हलवून हलवून वाळवला. उन्हात चाचांनाच तो फिका वाटला. पुन्हा पातेल्यात! पैसे मात्र ठरले तेवढेच.

त्या ‘अच्छेच’मधला ‘च’ आपला आहे, मराठीतला. चारशे वर्षं शेजारी राहिल्याशिवाय जिभेवर येत नाही तो.

वहिनींच्या मनात काय आहे ते तुम्हालाही कळलंय. गर्दी आणि धूळ ही सांगायची कारणं. पार्किंग मिळत नाही, मान्य. सिटी चौकात रिक्षा अडकली की अर्धा तास गेला, तेही मान्य. पण नाट्यगृहाबाहेर तेवढाच वेळ अडकतो तेव्हा कुणी ‘त्या भागात’ म्हणत नाही! सुपारी हनुमान त्याच गर्दीत आहे, राजाबाजारचा संस्थान गणपती तिथेच आहे आणि रमजानमध्ये रात्रभर जागणारा शहागंजचा बाजारही तिथून चालतच जाण्याइतका. यातलं एक माझं नि दुसरं ‘त्यांचं’, असं मला करताच येत नाही.

आणि राग येतो तो याचाही, की बावन्न दरवाजांचं शहर म्हणून फलक लावायचे आणि उरलेल्या दरवाजांखालून वर्षानुवर्षं गाड्या न्यायच्या. अंबरानं जमिनीखालून नहर आणून गावाला पाणी पाजलं. आपण आज नळाला पाणी कधी येणार ते ग्रुपवर विचारतो.

असो. चिडून लिहायचं नव्हतं मला.

खरं सांगायचं तर मीसुद्धा दोन वर्षांत आत गेले नव्हते. दुपारी सगळं टाकून गेले. पैठण गेटपाशी उतरले आणि चालत निघाले. चाचांच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, तर आतल्या पोरानं न विचारताच हात केला, "रंगनेवाले आगे है, खाला." पुढे एका ओट्यावर तशीच भट्टी, तसंच पातेलं. मी माझी पिस्ता ओढणी दिली, मोरपिशी करायला. रंगाऱ्यानं कोपरा बुडवला, पिळला आणि गल्लीत जिथे उन्हाचा पट्टा पडला होता तिथवर जाऊन डोळे बारीक करून बघितला. परत आला आणि मान हलवली. आज जमणार नाही, गुरुवारी या म्हणाला. मला इतकं भरून आलं की पैसे द्यायचेच विसरले. त्यानंही मागितले नाहीत.

वहिनी, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. तुमच्यावर राग नाही माझा, सकाळी होता. गुरुवारी अकरा वाजता मी रिक्षा बोलावणार आहे. तुमची ओढणी घेऊन खाली या. आणि लेकीलाही आणा, टोक धरायला कुणीतरी लागेलच.