लॉगिंगची जार टॉमकॅटच्या लिबमध्ये नको

एका टॉमकॅटवर (जावाची वेब-ॲप्स चालवणाऱ्या सर्व्हरवर) अनेकांची ॲप्स चालत असली की एक सल्ला हमखास फिरतो: लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची जार (जावा कोडची फाइल) आणि एकच कॉन्फिगरेशन फाइल सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये टाका. लॉग एका जागी येतील, मेमरी वाचेल, सुरक्षेचा पॅच एकदाच लावावा लागेल.

‘लॉग एका जागी येतील.’ येतात, आणि दुखणं तेच आहे. लिबमधली जार सगळ्यांसाठी मिळून एकदाच लोड होते. लॉगफोरजे १ असेल तर लॉगरचं (लॉगच्या ओळी स्वीकारणाऱ्या घटकांचं) झाडही एकच. तुम्ही स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची लॉग-पातळी डीबगवर (जास्त तपशिलावर) नेलीत की शेजाऱ्याचं स्प्रिंगही बडबडू लागतं. एखाद्या ॲपने बंद होताना लॉगमॅनेजरचं शटडाउन बोलावलं, तर सगळ्यांचेच लॉग थांबतात, आणि कुणाला कारण कळत नाही. लॉगफोरजे २ क्लासलोडर (ॲपचे क्लास लोड करणारा भाग) पाहून ॲप्स वेगळी ठेवतं, हे मान्य. पण लिबमधल्याच दुसऱ्या सामायिक लायब्ररीने लिहिलेली ओळ कोणत्या ॲपसाठी होती, हे त्यालाही कळत नाही.

‘मेमरी वाचेल.’ जार दोनेक मेगाबाइटची. उलट, ॲपने स्वतःचा अपेंडर (लॉग ठरल्या जागी पोचवणारा भाग) लिहिला असेल तर रीडिप्लॉयनंतरही, म्हणजे ॲप पुन्हा बसवल्यावरही, लिबमधलं लॉगिंग जुन्या अपेंडरला धरून बसू शकतं. त्याच्यामागे जुना क्लासलोडर आणि त्याचे सगळे क्लास अडकतात. मग मेटास्पेस, म्हणजे क्लास ठेवायची मेमरी, बघा.

‘पॅच एकदाच.’ टॉमकॅट ॲपच्या क्लाससाठी आधी त्या ॲपच्या स्वतःच्या वेब-इन्फ फोल्डरमध्ये शोधतो, मग सर्व्हरच्या लिबमध्ये. वॉरमध्ये (ॲपच्या पॅकेज-फाइलमध्ये) जुनी जार असेल तर तुमची नवी जार त्या ॲपपुरती नसल्यातच जमा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे २ मधल्या लॉगफोरशेल या सुरक्षा-त्रुटीनंतर त्याच महिन्यात २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत दुरुस्त्या आल्या. तेव्हा प्रत्येक वॉर उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

म्हणून जार ज्याची त्याच्या वेब-इन्फमध्ये. कॉन्फिगरेशनही तिथेच, क्लासेस फोल्डरमध्ये. जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) मायनस-डी पर्यायात नको, कारण तो सगळ्यांना लागू होतो. लॉगची फाइल कॅटलिना-बेसच्या (त्या टॉमकॅटच्या फोल्डरच्या) लॉग्समध्ये, ॲपच्या नावाने. दोन ॲप्सची एकच फाइल कधीच नको: एकाने ती रोल केली (जुनीचं नाव बदलून नवी सुरू केली) की लिनक्सवर दुसरं जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतं, आणि विंडोजवर नाव बदलणंच फसतं.

बाहेरची लायब्ररी नकोच असेल तर टॉमकॅटचं स्वतःचं लॉगिंग, जुली, पुरतं. जावाचं साधं लॉगिंग अख्ख्या जेव्हीएमला एकच मानतं. जुली प्रत्येक ॲपची लॉगिंग-प्रॉपर्टीज फाइल वेगळी वाचतं. सिस्टिम-आउटच्या (कोडने थेट छापलेल्या) ओळी मात्र कॅटलिना-आउटमध्येच पडतात, आणि टॉमकॅट ती फाइल स्वतः रोल करत नाही. त्या ओळी ॲपच्या लॉगमध्ये वळवायला ॲपच्या कॉन्टेक्स्टमध्ये (टॉमकॅटमधल्या त्याच्या सेटिंगमध्ये) स्वॅलो-आउटपुट चालू करा.