समुद्राची हवा आणि नाईट ड्युटी

आठवडाभर आमच्या रत्नागिरीकडच्या गटांवर एक मेसेज फिरतोय. ‘बर्नआउट, म्हणजे कामाने पार थकून विटून जाणं, ही हल्लीच्या सिस्टरांची थेरं. पूर्वीच्या सिस्टर कंदिलावर बाळंतपणं करायच्या, तक्रार नव्हती. कोकणात गर्दी नाही, समुद्राची हवा. प्राणायाम करा, सेवाभाव ठेवा.’ चार नातेवाइकांनी मला, एका सिस्टरला, मुद्दाम पाठवला.

थेरं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची नोंद केली, तीही आजार म्हणून नाही. कामाच्या जागचा ताण बराच काळ आटोक्यात न येता तसाच राहिला की येणारी अवस्था म्हणून. म्हणजे आधी वॉर्ड तपासा, मग सिस्टर.

कंदिलाचं खरं आहे. माझी मावशीच एएनएम, म्हणजे गावोगाव बाळंतपणं करणारी नर्स, होती. तक्रार मात्र ती रोज करायची, चुलीपुढे बसून. आम्ही ऐकायचो, वरचे नाही.

गर्दी नाही म्हणणाऱ्याने पावसात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) ताप बघावेत, नाहीतर गणपतीत हायवेवरून येणारे अपघात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका. नाईटला मी दोन वॉर्डांना मिळून एकटी असते.

प्राणायाम करते मी. पाठीला बरं वाटतं.

राहिला सेवाभाव. कातळावर गवत कापताना फुरसं, हा विषारी साप, चावलेली बाई रात्री आली. कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घेतलं. ती नळी २० मिनिटं हलवायची नाही, मग तिरकी करून बघायची. नातेवाईक ओरडत होते, ‘नुसत्या उभ्या काय राहिलात!’ टेबलाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून मी तिथेच उभी. नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे विष भिनलेलं. डॉक्टरांनी अँटिव्हेनम, सापाच्या विषावरचं औषध, सुरू केलं. पहाटे हिरड्यांतलं रक्त थांबलं. त्या रात्री मी दमले नव्हते, खरंच. दमले सकाळी, रजिस्टर अपुरं म्हणून सगळ्यांसमोर खुलासा मागितला तेव्हा. बाईचं काय झालं, एकाने विचारलं नाही. पुढचे कित्येक दिवस रुग्ण दिसला की मला आधी रजिस्टर आठवायचं.

पुढे वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर बदलल्या. माणसं तेवढीच, खाटाही तेवढ्याच. नव्या बाई सकाळी ड्युटी ताब्यात घेताना, हँडओव्हरला, पहिलं विचारायच्या, ‘रात्री जेवलीस काय गो?’ आणि राहिलेलं रजिस्टर पुढे ओढून म्हणायच्या, ‘तू सांग, मी लिहिते.’